स्प्रिंग कापण्याआधी गाडी तोलून घ्या

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरच्या सुदामा नगरात राहणाऱ्या एका तरुणाने काकांची जुनी मारुती ८०० खोलली. तिच्या फ्लोअरपॅनवर (तळाच्या पत्र्यावर) ट्यूबची चौकट वेल्ड करून तो लोटस सेव्हन या हलक्या इंग्लिश स्पोर्ट्स गाडीच्या धर्तीवर दोन सीटची उघडी गाडी बांधतो आहे. छत, दारं, काचा, मागची सीट, डिकीचं झाकण हे सगळं गेलं आणि त्याजागी फायबरचं हलकं कवच आलं. आता गाडी पुढून-मागून उचलल्यासारखी दिसते, टायर आणि मडगार्डच्या मध्ये अख्खा पंजा जातो. त्याला ती दोन इंच खाली हवी आहे. ओळखीचा मिस्त्री म्हणतो, "भिया, डेढ़ रिंग काट देते हैं, बैठ जाएगी." तर दीड वेढा कापावा का, आणि हे काम घरच्या पोर्चमध्ये होईल का?

पोर्चमध्ये होईल. पण स्प्रिंग कापू नका. तुमच्या गाडीला आखूड स्प्रिंगपेक्षा मऊ स्प्रिंगची गरज आहे. स्प्रिंग योग्य तितकी मऊ झाली की दोन इंचांपैकी बराचसा भाग गाडी आपोआप खाली बसते. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांत सस्पेन्शनच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. अशा घरी जोडलेल्या गाड्या (किट कार) बांधणाऱ्या मुलांशी बोलताना दर वेळी मला हीच गोष्ट आधी सांगावी लागते, म्हणून इथे आकड्यांसकट सांगतो.

आधी गाडी वर का आली ते बघू. स्प्रिंगची ताकद आपण "एक मिलिमीटर दाबायला किती किलो लागतात" या हिशेबात मोजू. स्प्रिंग बनवणारे न्यूटनमध्ये बोलतात, तेव्हा किलोच्या आकड्याला ९.८१ ने गुणायचं. उदाहरणासाठी पुढची एक स्प्रिंग धरू: तारेची जाडी ११ मिमी, वेढ्याचा मध्य-व्यास ११० मिमी, काम करणारे वेढे (टोकांचे टेकलेले वेढे सोडून) ६, मोकळी लांबी ३२० मिमी. अशी स्प्रिंग साधारण १.८४ किलो प्रति मिमी भरते. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या स्प्रिंगची मापं तुम्ही व्हर्निअरने घ्याल, तेव्हा तेच गणित पुन्हा करायचं.

मूळ गाडीत या स्प्रिंगवर १९० किलो बसत होते असं धरा. १९० भागिले १.८४ म्हणजे स्प्रिंग १०३ मिमी दबलेली होती. तुम्ही बॉडी उतरवली आणि त्या कोपऱ्यावर १४० किलोच उरले. आता ती ७६ मिमीच दबते. गाडी २७ मिमी वर आली ती एवढ्यामुळे, एक इंचाहून जास्त. स्प्रिंग बिघडलेली नाही, ती वजनदार गाडीसाठी बनलेली आहे आणि ती गाडी आता राहिली नाही.

ही उंची डोळ्यांना दिसते. हाडांना जाणवतं ते वेगळंच. खड्ड्यातून गेल्यावर गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली हेलकावे घेईल, हे एका सोप्या सूत्राने काढता येतं: स्थिर गाडीत स्प्रिंग जितके मिमी दबलेली असते त्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा. मूळ गाडीचं उत्तर येतं १.५६. तुमच्या आजच्या गाडीचं १.८१. घरगुती गाडी साधारण एक ते दीडच्या दरम्यान असते, हलकी स्पोर्ट्स गाडी दीड ते दोनच्या मध्ये. म्हणजे एकही वेढा न कापता तुमची गाडी आधीच कडक झालेली आहे.

आता दीड रिंग कापा. स्प्रिंगचे वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग कडक होते, कारण तीच तार कमी लांबीत पिळली जाते. सहाचे साडेचार वेढे राहिले तर १.८४ चे २.४५ झाले. मोकळी लांबी ३२० वरून २५४ च्या आसपास येते. १४० किलोखाली ती ५७ मिमी दबते. गाडी खाली येते सुमारे ४७ मिमी, म्हणजे जवळजवळ दोन इंच. मिस्त्रीचं बोलणं खोटं नाही, गाडी बसते. पण हेलकाव्याचा आकडा २.०९ वर जातो. गुळगुळीत रेसट्रॅकवर तो चालेल. सुदामा नगरातून फूटी कोठीपर्यंतच्या रस्त्यावर दात वाजतील, आणि त्याहून वाईट म्हणजे खडबडीत वळणावर चाक रस्ता सोडेल. चाक हवेत असलं की ना ब्रेक लागतो, ना गाडी वळते.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला पुढचा खांब) पूर्ण ताणला गेला की स्प्रिंगची टोकं जिच्यात बसतात त्या वरच्या आणि खालच्या वाटीमध्ये काही ठरावीक अंतर उरतं. आपल्या उदाहरणात ते २८६ मिमी धरू. ३२० मिमीची स्प्रिंग तिथेही दाबून बसलेली असते, म्हणून ती जागची हलत नाही. २५४ मिमीची स्प्रिंग मात्र तिथे ३२ मिमी सैल पडेल. जॅक लावला किंवा स्पीड ब्रेकरवरून चाक लटकलं की ती वाटीत फिरते, तिरकी बसते, आणि चाक परत जमिनीला टेकताना खाड्कन आवाज येतो. वाटीतून सटकलेली स्प्रिंग टायरला घासते तेव्हा टायर फाटायला वेळ लागत नाही. एकच वेढा कापला तरी लांबी २७६ च्या आसपास राहते, म्हणजे तरीही दहा मिमी सैल.

गॅस कटरने स्प्रिंग तापवून "बसवणं" हा प्रकार तर विचारातही आणू नका. स्प्रिंगचं पोलाद आधी तापवून झटकन थंड करून कडक केलेलं आणि मग ठरावीक तापमानाला टेम्पर (पुन्हा तापवून चिवट) केलेलं असतं. ज्योतीखाली लाल झालेला भाग ते टेम्पर गमावतो. तो वेढा मेणासारखा दबतो, त्याच्या शेजारचा ठिसूळ होतो, आणि काही महिन्यांनी स्प्रिंग बरोबर त्या सीमेवर तुटते.

आता मऊ स्प्रिंगचं गणित बघा, कारण खरी गंमत इथे आहे. तुम्हाला पुढून दीडचा आकडा हवा आहे असं ठरवू. त्यासाठी १४० किलोखाली स्प्रिंग १११ मिमी दबायला हवी, म्हणजे तिची ताकद १.२६ किलो प्रति मिमी हवी. ही स्प्रिंग ३२० मिमी लांबीचीच ठेवली तरी ती आजच्यापेक्षा ३५ मिमी जास्त दबते. गाडी एक वेढाही न कापता ३५ मिमी खाली आली. आणखी १५ मिमी हवे असतील तर मोकळी लांबी ३०५ करून घ्या. एकूण ५० मिमी झाले, तुमचे दोन इंच. आणि ३०५ हे २८६ पेक्षा अजून मोठंच आहे, म्हणजे चाक लटकलं तरी स्प्रिंग वाटीत घट्ट बसलेली राहते.

१.८४ ची १.२६ कशी करायची? स्प्रिंगची ताकद तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. ११ मिमीची तार १० मिमी केली, बाकी व्यास आणि वेढे तेच ठेवले, की ताकद ३२ टक्के उतरते आणि बरोबर १.२६ च्या घरात येते. एका मिलिमीटरच्या तारेत एवढा फरक पडतो, म्हणून जाडी व्हर्निअरने मोजायची, आणि मोजताना रंग खरवडून काढायचा. रंगाच्या थराने पाव मिमी जास्त दाखवला तरी ताकदीत नऊ-दहा टक्क्यांची चूक येते. स्प्रिंग बनवून घेताना सहा गोष्टी कागदावर लिहून द्या: तारेची जाडी, आतला व्यास, एकूण वेढे, काम करणारे वेढे, मोकळी लांबी आणि दोन्ही टोकांचा आकार. टोकाची तार खालच्या वाटीतल्या खोबणीत कुठे टेकते, त्याचा फोटो किंवा जुनी स्प्रिंगच नमुना म्हणून न्या. इंदुरात सांवेर रोड आणि पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतींत चौकशी करा, नाहीतर पीथमपूर आहेच. विचारताना एवढं विचारा की स्प्रिंग गुंडाळल्यावर ते तिला टेम्पर करतात का, आणि घट्ट दाबून बसवून लांबी पुन्हा तपासतात का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं नाही तर दुसरा कारागीर बघा. तसं केलेलं नसेल तर नवी स्प्रिंग गाडीखाली पहिल्या काही दिवसांतच दहा-बारा मिमी बसते आणि तुमचा सगळा हिशेब कोलमडतो.

हे सगळं गणित एका आकड्यावर उभं आहे: कोपऱ्यावरचं वजन. तो आकडा अंदाजाने घेतला तर बाकीची मेहनत वाया. म्हणून गाडी तोला, आणि स्वतः सीटवर बसून तोला. पाचशे-साडेपाचशे किलोच्या गाडीत सत्तर-पंचाहत्तर किलोचा चालक म्हणजे आठवा-सातवा हिस्सा होतो, आणि तोही एका बाजूला बसलेला. टाकीत निम्मं पेट्रोल, बॅटरी जागेवर, स्टेपनी ठेवणार असाल तर स्टेपनीही.

धर्मकाट्यावर पुढची दोन आणि मागची दोन चाकं वेगवेगळी तोलता येतात, पण ट्रकांचे काटे पाच-दहा किलोच्या टप्प्याने वाचतात, त्यामुळे एकेका चाकासाठी ते कामाचे नाहीत. घरी बाथरूमचे दोन वजनकाटे पुरतात. जाड सागाची फळी घ्या, तिचं एक टोक एका काट्यावर, दुसरं टोक दुसऱ्या काट्यावर, आणि चाक फळीच्या मध्यावर. दोन्ही काट्यांची बेरीज करा, फळीचं वजन वजा करा. उरलेल्या तिन्ही चाकांखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या आणि ठोकळे हवेत.

इथे पोर्च अडचणीत आणतो. पावसाचं पाणी निघून जावं म्हणून प्रत्येक पोर्चला उतार दिलेला असतो, डोळ्यांना तो जाणवत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक पाण्याची नळी आणा. चारही चाकांच्या जागी खुणा करा, नळीने पातळी घ्या आणि जिथे कमी पडेल तिथे टाइल, पत्रा, प्लायवूड असं चढवत चारही जागा दोन मिमीच्या आत एका पातळीत आणा. ही जागा कायमची रंगाने खुणून ठेवा. पुढे कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा कल), टो (वरून पाहताना चाकाचं तोंड किती आत-बाहेर वळलं आहे ते), उंची सगळं याच चार चौकोनांवर मोजायचं आहे. पातळी चुकली तर गाडी एक पाय आखूड असलेल्या टेबलासारखी दोन आडव्या-तिडव्या कोपऱ्यांवर जास्त भार टाकते, आणि तुम्ही दोष स्प्रिंगला देत बसता.

आणखी एक बारीक गोष्ट आहे. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच खरी उंची दाखवत नाही. खाली येताना चाकं किंचित बाहेर सरकू पाहतात, टायर फरशीला चिकटून त्यांना अडवतात आणि गाडी दहा-पंधरा मिमी वरच अडकून राहते. प्रत्येक चाकाखाली पत्र्याचे दोन तुकडे, मध्ये ग्रीस, असं ठेवा. गाडी पुढून-मागून दोन-तीनदा दाबून सोडा, मग काटा वाचा. आलेल्या वजनातून चाक, हब, ब्रेक आणि आर्मचा (चाकाला चॅसिसशी जोडणाऱ्या दांड्याचा) अर्धा भार वजा करायचा, कारण तो स्प्रिंगवर नसतो. या वर्गाच्या गाडीत तो कोपऱ्यामागे वीस-पंचवीस किलो भरतो. जुने भाग काढलेलेच आहेत तर तेही काट्यावर ठेवून बघा.

मागच्या बाजूचा हिशेब असाच. मात्र मागचा हेलकाव्याचा आकडा पुढच्यापेक्षा थोडा जास्त ठेवा, पुढे दीड तर मागे १.६५ च्या आसपास. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मग मागच्या. मागची बाजू जरा जलद हलली तर ती पुढच्या हेलकाव्याला गाठते आणि गाडी झोपाळ्यासारखी न डोलता सपाट बसते. हे अभियंता मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये दाखवून दिलं आणि आजही ते खरं आहे. तुमच्या गाडीला मागची सीटच नाही, म्हणजे तीन माणसांचा आणि सामानाचा भार कधीच येणार नाही. कंपनीने मागच्या स्प्रिंगा तो भार धरून बनवल्या होत्या, त्यामुळे पुढच्यापेक्षा मागच्या जास्त मऊ कराव्या लागतील.

मऊ स्प्रिंग म्हणजे लेचीपेची गाडी, हा समज सोडा. लोटसचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांची १९६२ ची लोटस एलान मऊ स्प्रिंगांवरच रस्ता धरायची आणि त्यासाठीच ती नावाजली गेली. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या चाचणी-ट्रॅकवर बाहा या खडबडीत रस्त्यांवरच्या स्पर्धेला येणाऱ्या कॉलेजच्या गाड्या बघा, दगडधोंड्यांवरून जिंकतात त्या लांब प्रवासाच्या, मऊ बसवलेल्या गाड्या. शिवाय तुमच्या गाडीचं छत गेलं आहे. कडक स्प्रिंगा लावल्या की चौकटच पिळवटते, आणि मग तडे जातात ते स्ट्रटच्या बुरुजाशी, म्हणजे स्ट्रटचं वरचं टोक बॉडीला जिथे बसतं तिथे.

बंप स्टॉपपर्यंत (स्ट्रट तळाला आपटू नये म्हणून असलेल्या रबरापर्यंत) जागा किती उरते हे मात्र बघा. आपल्या उदाहरणात मूळ गाडीत वाट्यांमधलं अंतर २१७ मिमी होतं. तिथून बंप स्टॉपला टेकेपर्यंत ८० मिमी प्रवास होता असं धरलं, तर नव्या उंचीवर सुमारे ५७ मिमी राहतो. दीडच्या स्प्रिंगला एवढा चालतो. चाळीसच्या खाली गेलात तर प्रत्येक खड्ड्यात रबरावर आपटाल. मोजायची सोपी रीत म्हणजे शॉकअपच्या दांड्यावर एक झिप टाय सैलसर बांधायची, गाडी फिरवून आणायची आणि ती कुठवर ढकलली गेली ते बघायचं. बंप स्टॉप कापून टाकू नका. गाडी तळाला टेकते तेव्हा शॉकअपचा व्हॉल्व्ह आणि स्ट्रटचा बुरूज वाचवणारा तोच एक भाग आहे.

शॉकअप जुनेच ठेवले तर ते नव्या स्प्रिंगसाठी जास्त कडक ठरतील. वजन आणि स्प्रिंग दोन्ही उतरल्यामुळे लागणारा दाब जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी होतो. कडक रिबाउंडचा (परत ताणताना अडवणारा) शॉकअप स्प्रिंगला उघडूच देत नाही, लागोपाठच्या खड्ड्यांत गाडी दर वेळी थोडी-थोडी खाली बसत जाते. स्ट्रट दुरुस्त करणारे कारागीर तेल बदलून, व्हॉल्व्हच्या पट्ट्या बदलून तो सैल करून देतात. गळका, थकलेला शॉकअप "आपोआप मऊ झाला" म्हणून वापरू नका, तो दोन्ही दिशांना सारखा थकत नाही.

आता भूमितीकडे येऊ, कारण गाडी खाली बसली की लोअर आर्म आणि टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारी दांडी) दोन्हींचे कोन बदलतात. स्प्रिंगची ऑर्डर देण्याआधी ही तपासणी करून घ्या. पुढच्या स्प्रिंगा काढा, स्ट्रट मोकळे बसवा आणि गाडी हव्या त्या उंचीवर लाकडी ठोकळ्यांनी टेकवून ठेवा. खाली झोपून लोअर आर्म बघा. चॅसिसकडून चाकाकडे तो आडवा किंवा किंचित खाली उतरलेला हवा. चाकाकडचं टोक वर गेलं असेल तर तुम्ही जास्त खाली गेलात. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये आर्म आडव्याच्या वर गेला की रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी वळणावर कलते तो) गाडीपेक्षाही वेगाने खाली जातं. गाडी खाली आणूनही ती वळणावर जास्त कलते आणि बाहेरच्या चाकाचा कॅम्बर चुकीच्या बाजूला सरकतो.

टाय रॉड लोअर आर्मला जवळपास समांतर हवी. ती नसली तर खड्ड्यात चाक वर गेलं की आपोआप वळतं, स्टिअरिंग स्थिर धरलं तरी गाडी इकडे-तिकडे हुंगत चालते. तपासायला हबवर एक सरळ पट्टी बोल्टने बसवा, तिच्या दोन्ही टोकांना खडू बांधा, समोर पुठ्ठा उभा करा. जॅकने चाक दहा-दहा मिमी वर न्या आणि दर वेळी दोन्ही खुणा करा. ६० मिमीच्या प्रवासात दोन खुणांमधला फरक एक-दीड मिमीच्या आत राहिला तर उत्तम. चार-पाच मिमी आला तर स्टिअरिंग रॅकची उंची बदलावी लागेल. ट्यूबची चौकट तुम्हीच बांधता आहात, रॅकचे कान आत्ताच सरकवता येतील.

मारुती ८०० ला दोन खास गोष्टी आहेत. पुढचा स्टॅबिलायझर बार नुसता कल रोखत नाही, लोअर आर्मला पुढे-मागे धरून ठेवण्याचं कामही तोच करतो. तो काढायचा नाही, आणि त्याचे बुश (सांध्यातले रबर) थकलेले असतील तर सगळ्यात आधी ते बदला, नाहीतर ब्रेक मारताना कॅस्टर (बाजूने पाहताना स्ट्रटचा पुढे-मागे कल) बदलत राहील. मागे ॲक्सलला आडवी धरणारी लॅटरल रॉड असते, तिचं एक टोक बॉडीला आणि दुसरं ॲक्सलला. गाडी खाली आली की ती तिरकी होऊन अख्खा ॲक्सल एका बाजूला ढकलते. बॉडीकडचं टोक वर घेऊन ती पुन्हा आडवी करा. दोन्ही बाजूंना टायर ते चौकट हे अंतर मोजलं की लगेच कळतं.

कॅम्बर ओळंब्याने मोजता येतो. रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून दोरीचं अंतर घ्या. कडा ३३० मिमी अंतरावर असतील तर एका अंशाला पावणेसहा मिमीचा फरक पडतो. टोसाठी गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोऱ्या ताणा. पुढे शून्य ते दोन मिमी टो-इन पुरे.

स्प्रिंग काढण्याच्या कामात माणसं मरतात, म्हणून हे नीट वाचा. स्ट्रट गाडीतून काढल्यावर वरच्या मधल्या नटाला हात लावण्याआधी स्प्रिंग कंप्रेसर लावायचा. दोन्ही हुक समोरासमोर आणि शक्य तितके जास्त वेढे पकडून. दोन्ही बोल्ट आलटून-पालटून, थोडे-थोडे फिरवायचे. स्प्रिंग हाताने किंचित हलू लागली की वाट्यांवरचा दाब गेला, त्यानंतरच नट सोडायचा. तोंड, छाती कधीही स्ट्रटच्या रेषेत नको. सुतळी, तार, सायकलची ट्यूब बांधून स्प्रिंग दाबणारे मिस्त्री पाहिले असतील, त्यांचं अनुकरण करू नका. आपल्या उदाहरणातली स्प्रिंग गाडीबाहेरच्या, पूर्ण ताणलेल्या स्ट्रटमध्येही साठ-बासष्ट किलोच्या दाबाने कोंडलेली असते, आणि नट सुटताच तो सगळा दाब वरची वाटी तोंडावर फेकतो. गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर), मागच्या चाकांना लाकडी गुटके, हँडब्रेक ओढलेला. जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही, आणि घोडीऐवजी विटा तर नाहीच, त्या क्षणात फुटतात.

स्पीड ब्रेकरचा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो येणार आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल उंचवटा १० सेंमी उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. मारुती ८०० चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २१७५ मिमी आहे, त्यामुळे असा उंचवटा दोन चाकांच्या मध्ये फक्त ३५ मिमी वर येतो. १२० मिमी ग्राउंड क्लिअरन्स असलेली गाडी त्यावरून आरामात जाते. कॉलनीत लोकांनी आपल्या हाताने घातलेला मीटरभर रुंदीचा डांबरी ढिगारा मात्र पूर्ण १० सेंमी वर येतो, आणि चालत्या गाडीत स्प्रिंग दबते ती वेगळी. सायलेन्सरचा पाइप आणि इंजिनची संप (तळाची तेलाची टाकी) या दोन गोष्टी चौकटीच्या तळापेक्षा खाली येऊ देऊ नका, आणि संपखाली ४ मिमीचा पत्रा बसवा.

कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रात असलेल्या कंपनीच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. नुसती बदललेली स्प्रिंग कुणाच्या डोळ्यांत येणार नाही, पण तुमची बॉडीच वेगळी आहे. ही गाडी खाजगी आवारात आणि बंद ट्रॅकवर चालवायची, असं धरूनच बांधा. रस्त्यावर आणायची इच्छा असेल तर वेल्डिंग पुढे नेण्याआधी नायता मुंडल्याच्या आरटीओत लेखी विचारून घ्या.

नव्या स्प्रिंगा बसल्या की लोअर आर्म, लॅटरल रॉड आणि मागच्या आर्मच्या बुशांचे बोल्ट आधी सैलच ठेवा. गाडी चाकांवर उतरवा, त्या चार चौकोनांवर आणा, कुणाला तरी चालकाच्या जागी बसवा, गाडी दाबून सोडा आणि मगच बोल्ट आवळा. जॅकवर लटकलेल्या अवस्थेत आवळलेला बुश गाडी खाली येताच पिळलेला राहतो, उंची चुकवतो आणि वर्षभरात फाटतो.

तुमच्याकडून मला पुढचे आकडे हवेत: चालकासकट चार कोपऱ्यांचं वजन, चारही स्प्रिंगांची तारेची जाडी, आतला व्यास, वेढे आणि मोकळी लांबी, आणि स्ट्रट पूर्ण ताणल्यावर वाट्यांमधलं अंतर. एवढं पाठवलंत की ऑर्डरचा कागद मी भरून देतो.